सात प्रश्नचिन्हांमागचा करार

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बाजारात आली. तिच्यासोबत ‘मंगल’ नावाचा देवनागरी फाँट आला आणि भाषांच्या यादीत हिंदी, कोकणी, संस्कृत यांच्या शेजारी मराठीलाही जागा मिळाली. त्या दिवसांत आपल्याकडे हिशेबाचे, बिलांचे, पगाराचे बरेचसे प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ या भाषेत लिहिले जात. अशा प्रोग्रामने ॲक्सेस २००० च्या डेटाबेसमधून युनिकोडमधला ‘नमस्कार’ हा शब्द वाचला आणि विंडोजच्या मेसेजबॉक्स या फंक्शनला तो दाखवायला सांगितला, की पडद्यावर सात प्रश्नचिन्हे उमटत. न, म, स, पाय मोडण्याचे चिन्ह, क, काना, र. मोजून सात.

डेटाबेसमध्ये शब्द शाबूत होता. व्हिज्युअल बेसिकच्या पोटातही शाबूत होता. विंडोजला देवनागरी काढता येत होती. शब्द मोडला तो दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर. या उंबऱ्याचा इतिहास त्याच्याही पंचवीसएक वर्षे मागे सुरू होतो आणि तो अजून संपलेला नाही.

उंबऱ्याच्या एका बाजूला ऑपरेटिंग सिस्टिमची लायब्ररी असते. खिडकी उघडणे, फाइल वाचणे, घड्याळातली वेळ सांगणे अशी हजारो कामे करणारी फंक्शने तिच्यात असतात आणि ती बहुतेक सी भाषेत लिहिलेली असतात. दुसऱ्या बाजूला बेसिक, पर्ल, पायथन यांसारख्या भाषा. त्यांच्या घरात सगळे सुरक्षित: मेमरीची काळजी नाही, अक्षरांची लांबी मोजायला नको, चूक झाली तर ओळीच्या क्रमांकासह निरोप येतो. पण बाहेरच्या फंक्शनला कॉल करायचा म्हटले की एक करार पाळावा लागतो. किती गोष्टी द्यायच्या, प्रत्येक किती बाइटची, कोणत्या क्रमाने, मेमरीतल्या स्टॅकवर ठेवायच्या की प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये, उत्तर कुठे मिळणार आणि काम झाल्यावर आवराआवर कोणी करायची.

सी भाषेत लिहिणाऱ्याला हा करार पाठ करावा लागत नाही. तो हेडर फाइलमध्ये लिहिलेला असतो. कंपायलर तो वाचतो, त्याप्रमाणे यंत्रभाषेतल्या आज्ञा तयार करतो आणि मग करार टाकून देतो. तयार झालेल्या लायब्ररीत उरते फक्त फंक्शनचे नाव आणि त्याचा पत्ता. दुसऱ्या भाषेतून येणाऱ्याला तो करार स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावा लागतो, आणि त्याने तो बरोबर लिहिला की चूक, हे तपासण्याचे जवळजवळ कोणतेही साधन यंत्राकडे नसते. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मूळ एवढ्या एका गोष्टीत आहे.

सुरुवात घरगुती संगणकांपासून झाली. १९७५ च्या ऑल्टेअर बेसिकमध्येच यूएसआर नावाचे फंक्शन होते. त्याचे काम एकच: बेसिक सोडून मेमरीतल्या यंत्रभाषेच्या तुकड्याकडे उडी मारणे. १९८२ मध्ये आलेल्या कमोडोर ६४ या संगणकावर हीच उडी ‘सिस’ या आज्ञेने मारता येई. सिसच्या पुढे पत्ता लिहायचा, बस. त्या संगणकाच्या रॉममध्ये ‘कर्नल’ नावाचा कायमचा भाग होता आणि मेमरीच्या अगदी शेवटच्या टोकाला त्या कर्नलच्या दारांची एक ठरलेली रांग होती. आतली फंक्शने पुढच्या आवृत्तीत इकडची तिकडे गेली तरी दारांचे पत्ते बदलणार नाहीत, अशी ती व्यवस्था. ६५४९० या पत्त्यावरचे दार पडद्यावर एक अक्षर छापत असे. कोणते अक्षर? ते प्रोसेसरच्या ए या रजिस्टरमध्ये असायला हवे. बेसिकला तर रजिस्टर दिसतच नाही. म्हणून कमोडोरच्या बेसिकने एक युक्ती केली: ७८०, ७८१ आणि ७८२ या मेमरीच्या खणांत जे असेल ते सिस आज्ञा उडी मारण्याआधी ए, एक्स आणि वाय या रजिस्टरांत भरते आणि परत आल्यावर रजिस्टरांतले त्या खणांत ओतते. ७८० मध्ये ६५ ठेवा, सिस ६५४९० म्हणा, पडद्यावर इंग्रजी ‘ए’ उमटतो. एवढ्या दोन आज्ञांत पूर्ण करार आहे. पाहुण्याचे सामान कुठे ठेवायचे आणि परतीचे कुठून उचलायचे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

इंग्लंडमध्ये १९८१ साली आलेल्या बीबीसी मायक्रोने ही गोष्ट अधिक देखणी केली. सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या त्याच्या बेसिकमध्ये ए, एक्स आणि वाय या अक्षरांपुढे टक्क्याचे चिन्ह लावलेली चलपदे होती. ‘कॉल’ म्हटले की त्यांतल्या किमती आपोआप त्याच नावांच्या रजिस्टरांत जात. खणांचे क्रमांक पाठ करायला नकोत. शिवाय याच बेसिकमध्ये असेम्ब्ली भाषेत मजकूर लिहिण्याची सोय होती. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला तेव्हा हेच यंत्र निवडले गेले. आपल्याकडच्या एका पिढीने संगणक पहिल्यांदा पाहिला तो असा, आणि त्याचे दार आत जाण्यासाठी उघडे होते.

विद्यापीठांत दुसरीकडे हीच गरज निराळ्या वाटेने पुढे सरकत होती. बर्कलीला मॅकसिमा या गणिताच्या प्रणालीसाठी रिचर्ड फेटमन यांच्या पुढाकाराने फ्रान्झ लिस्प तयार झाली. सी भाषेत कंपाइल केलेला तुकडा चालू लिस्पमध्ये आणून बोलावण्याची सोय तिच्यात होती. परक्या भाषेतल्या फंक्शनला ‘फॉरेन फंक्शन’ म्हणण्याची रीत लिस्पवाल्यांचीच. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल आली आणि लवकरच तिच्यात ‘सिसकॉल’ ही आज्ञा आली, जिच्यामुळे युनिक्सच्या कर्नलला थेट क्रमांकाने हाक मारता येई. पण हे सगळे जाणत्यांचे जग होते. दार मोठ्या जनसमुदायासाठी उघडले ते १९९१ मध्ये.

मे १९९१ मध्ये अटलांटा शहरातल्या विंडोज वर्ल्ड प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक लोकांसमोर आणली. तिच्या चित्रमय भागाचे मूळ ॲलन कूपर यांच्या एका निर्मितीत होते, जी त्यांनी १९८८ मध्ये बिल गेट्स यांना दाखवली होती. बटणे ओढून खिडकीवर ठेवायची आणि बेसिकच्या चार ओळी लिहायच्या, यामुळे विंडोजसाठी लिहिणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. पण व्हिज्युअल बेसिकने जे काही स्वतः दिले होते त्याच्या पलीकडे विंडोजचे शेकडो दरवाजे होते. त्यांच्यासाठी भाषेत एक शब्द ठेवला होता: डिक्लेअर.

डिक्लेअरच्या ओळीत फंक्शनचे नाव लिहायचे, ते कोणत्या लायब्ररीत आहे ते लिहायचे, देण्याच्या प्रत्येक गोष्टीचा प्रकार लिहायचा आणि उत्तराचा प्रकार. त्यानंतर ते फंक्शन घरच्यासारखे वापरायचे. म्हणजे सीच्या हेडर फाइलमधला एक करार हाताने बेसिकमध्ये उतरवायचा. कंपायलर नाही, लिंकर नाही, सी भाषा येण्याची अट नाही. त्या काळात ही फार मोठी मोकळीक होती, आणि ती देणाऱ्यांचे मला आजही कौतुक वाटते.

आवराआवरीचा मुद्दा इथे समजून घेतला पाहिजे. कॉल करणारा आपल्या वस्तू स्टॅकवर मांडतो. काम झाल्यावर त्या उचलायच्या कोणी? पंगतीचे उदाहरण घ्या. कुठे जेवणारा आपली पत्रावळ स्वतः उचलतो, कुठे यजमान उचलतात. दोन्ही रीती चांगल्या, पण त्या पंगतीत कोणती रीत आहे ते सगळ्यांना ठाऊक हवे. कोणीच उचलली नाही तर पुढचा माणूस उष्ट्यावर बसतो. दोघांनीही हात घातला तर शेजारच्याचे भरले पान उचलले जाते. सी भाषेची रीत अशी की ज्याने मांडले त्याने, म्हणजे कॉल करणाऱ्याने, उचलावे. किती वस्तू येतील हे आधी ठाऊक नसलेली फंक्शने सीमध्ये असतात, तेव्हा तिला दुसरा मार्गही नव्हता. विंडोजने मात्र पास्कल भाषेची रीत घेतली: बोलावलेल्या फंक्शनने जाताजाता आवरून जावे. कारण काटकसरीचे होते. नोव्हेंबर १९८५ च्या पहिल्या विंडोजला किमान २५६ किलोबाइट मेमरी लागे, आणि तेवढ्यात सगळे बसवायचे होते. आवरण्याची आज्ञा प्रत्येक कॉलच्या जागी लिहिण्यापेक्षा फंक्शनमध्ये एकदाच लिहिली की हजारो ठिकाणचे दोन-चार बाइट वाचतात.

या काटकसरीचा एक अनपेक्षित लाभ झाला. फंक्शन स्वतः आवरून जात असल्याने, परत आल्यावर स्टॅकची उंची पाहून व्हिज्युअल बेसिकला कळे की आपण मांडले तितकेच उचलले गेले की नाही. नसेल तर ती ४९ क्रमांकाची चूक दाखवी: डीएलएल (म्हणजे विंडोजची लायब्ररी) कॉल करण्याची रीत चुकली. साऱ्या करारात यंत्राला तपासता येणारे एवढे एकच कलम होते.

बाकीची कलमे माणसाच्या भरवशावर, आणि तिथेच लोक पडले. व्हिज्युअल बेसिक कोणतीही वस्तू देताना सहसा तिचा पत्ता देते. वस्तूच हवी असेल तर ‘बायव्हॅल’ हा शब्द लिहावा लागतो. तो विसरला की विंडोजला खिडकीच्या क्रमांकाऐवजी मेमरीतला कुठलातरी पत्ता मिळे आणि ती तोच क्रमांक समजून कामाला लागे. अक्षरांच्या बाबतीत तर नियम आणखी गोंधळाचा. तिथे बायव्हॅल लिहिले की उलट शून्याने संपणाऱ्या अक्षररांगेचा पत्ता जाई, जो सीच्या फंक्शनला हवा असे.

विंडोजचे फोल्डर कुठे आहे ते सांगणारे एक साधे फंक्शन घ्या. त्याला उत्तर लिहायला आपणच कोरी जागा द्यायची आणि ती किती अक्षरांची आहे ते सांगायचे. प्रोग्रामरने आकडा २५५ लिहिला पण जागा दहाच अक्षरांची राखली, तर फंक्शन आपल्याला सांगितलेल्या शब्दावर विश्वास ठेवून दहाच्या पुढेही लिहीत जाई. पुढे कोणाची मेमरी आहे, ते त्याला ठाऊक नसे. विंडोज ३.१ मध्ये सगळे प्रोग्राम एकाच पत्त्यांच्या आवारात राहत, त्यामुळे एकाची चूक शेजाऱ्याला भोवायची. ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ ही पाटी त्या वर्षांत संगणकावर बसलेल्या प्रत्येकाने पाहिली आहे. बेसिकमध्ये वाढलेल्या माणसाला हा अनुभव नवा होता. चूक कुठे झाली ते सांगणारी ओळच नाही, आणि न जपलेला मजकूर गेला तो गेलाच.

या काळातले मला सर्वांत आदरणीय वाटणारे काम एका पुस्तकाचे आहे. डॅन ॲपलमन यांनी १९९३ मध्ये व्हिज्युअल बेसिकवाल्यांसाठी विंडोजच्या फंक्शनांचा हजारावर पानांचा मार्गदर्शक प्रसिद्ध केला. विंडोजची कागदपत्रे सीच्या भाषेत, सी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली होती. ॲपलमन यांनी ती एकेक करून बेसिकच्या नजरेने वाचली: हे फंक्शन बेसिकमधून चालते का, त्याची डिक्लेअर ओळ नेमकी कशी, कोणती वस्तू बायव्हॅल, कोणती नाही, आणि का. मायक्रोसॉफ्ट स्वतः डिक्लेअर ओळींची एक मजकूर फाइल देत असे आणि लोक तिच्यातून ओळी उचलून चिकटवत. तिच्यातही चुका निघाल्या. म्हणून ॲपलमन यांनी १९९९ मध्ये काढलेल्या दुसऱ्या पुस्तकाची मांडणी मला फार मोलाची वाटते: त्यांनी चुकलेल्या घोषणांची कोडी घातली आणि वाचकाला स्वतः सीचा करार वाचून बेसिकमध्ये उतरवायला शिकवले. तयार ओळ देण्यापेक्षा ती तपासण्याची नजर देणे अवघड असते. ते काम त्यांनी केले.

तोवर जमीन सरकली होती. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि त्याच वर्षी ३२ बिटांची व्हिज्युअल बेसिक ४ आली. खिडकीचा क्रमांक १६ बिटांचा होता तो ३२ बिटांचा झाला, म्हणून इंटिजरच्या जागी लाँग लिहायचे. ‘यूझर’ लायब्ररीचे नाव ‘यूझर३२’ झाले. फंक्शनच्या नावातले लहान-मोठे इंग्रजी अक्षर पूर्वी चालून जाई, आता चालेना. वस्तू मांडण्याचा क्रम सीसारखा उलटा झाला, आवरणे मात्र फंक्शनकडेच राहिले. आणि अक्षरे घेणाऱ्या बहुतेक फंक्शनांची जुळी भावंडे झाली: नावाच्या शेवटी ‘ए’ असलेले एएनएसआय अक्षरांसाठी, ‘डब्ल्यू’ असलेले युनिकोडसाठी.

आता त्या सात प्रश्नचिन्हांकडे येतो. ३२ बिटांच्या व्हिज्युअल बेसिकने आपल्या पोटात सगळी अक्षरे युनिकोडमध्ये ठेवली. हा निर्णय दूरदृष्टीचा होता. पण तिला विंडोज ९५ वर चालायचे होते, आणि विंडोज ९५ मध्ये बहुतेक डब्ल्यू फंक्शने नावापुरतीच होती. म्हणून डिक्लेअरची ओळ ओलांडताना भाषा प्रत्येक अक्षर युनिकोडमधून संगणकाच्या चालू एएनएसआय कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या मर्यादित यादीत, उतरवी आणि परत येताना उलटे करी. न विचारता, न सांगता. इंग्रजीला, फ्रेंचला, रशियनला कोडपेज होते. मराठी, हिंदी, कोकणी यांना विंडोजने असे कोडपेज दिलेलेच नव्हते, त्या केवळ युनिकोडमध्ये राहणाऱ्या भाषा. उंबऱ्यावर देवनागरीचे अक्षर आले की त्याला समोर जागाच नसे, आणि जागा नसलेल्या प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होई.

यातली विसंगती मराठी वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे. श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरून लिहिलेला जुना मराठी मजकूर या उंबऱ्यावरून सहसा सहीसलामत जाई, कारण त्याच्या आत रोमन अक्षरांचे आठ बिटांचे आकडे असत आणि वर फक्त देवनागरी आकृत्यांचा फाँट घातलेला असे. मजकुराच्या पेटीला तो फाँट लावला की सगळे नीट दिसे. जो मजकूर प्रामाणिकपणे ‘हे देवनागरी आहे’ असे सांगत होता, तोच मोडत होता. आपल्याकडे युनिकोडकडे वळायला लोक कचरले, त्याची कारणे अनेक आहेत. पण चालू प्रोग्रामात युनिकोड मराठी घातली की प्रश्नचिन्हे येतात, हा अनुभव त्यांतले एक कारण नक्कीच असणार.

वाट होती, पण ती आडवाट होती. भाषेत ‘स्ट्रपॉइंटर’ अशा अर्थाचे, अधिकृत कागदपत्रांत न सांगितलेले एक फंक्शन होते. ते अक्षरांच्या रांगेचा मेमरीतला पत्ता नुसत्या आकड्याच्या रूपात देई. डिक्लेअरमध्ये अक्षरांऐवजी आकडा घेतो असे लिहायचे, डब्ल्यू भावंडाला बोलवायचे आणि हा आकडा द्यायचा. व्हिज्युअल बेसिकला तो आकडाच वाटे, म्हणून ती त्याला हात लावत नसे, आणि पलीकडे विंडोजला अखंड युनिकोड मिळे. ‘नमस्कार’ नमस्कार म्हणून उमटे. मायकेल कॅप्लन यांनी २००० मध्ये व्हिज्युअल बेसिकमधल्या आंतरराष्ट्रीय लिपींवर पूर्ण पुस्तक लिहिले आणि अशा अनेक वाटा उजेडात आणल्या. ब्रूस मॅकिनी यांनी त्याआधीच दुसरा उपाय केला होता: विंडोजच्या फंक्शनांचे करार एका टाइप लायब्ररीत एकदाच नीट लिहून ठेवायचे आणि सगळ्यांनी तीच वापरायची. हेडर फाइलने जे सीवाल्यांसाठी केले होते, ते बेसिकवाल्यांसाठी करण्याचा तो प्रयत्न.

विंडोजकडून उलट हाक येण्याची सोय याच काळात झाली. उघड्या असलेल्या सर्व खिडक्यांची यादी हवी असेल तर विंडोजला आपल्या एखाद्या फंक्शनचा पत्ता द्यावा लागतो, आणि ती प्रत्येक खिडकीसाठी आपल्याला बोलावते. १९९७ च्या व्हिज्युअल बेसिक ५ पर्यंत असा पत्ता देण्याची सोयच भाषेत नव्हती. लोक त्यासाठी बाहेरची साधने विकत घेत. सोय झाली, आणि संपादकात ‘थांबा’चे बटण दाबताच, विंडोजच्या हाती निरुपयोगी पत्ता राहिल्यामुळे, अख्खा संपादक कोसळण्याचे प्रकारही सुरू झाले.

युनिक्सच्या जगात प्रश्न वेगळ्या रूपात होता. चालू प्रोग्राममध्ये लायब्ररी आणण्याची आणि नावावरून फंक्शनचा पत्ता काढण्याची सोय सन कंपनीच्या प्रणालींमधून पसरली होती. पत्ता मिळे. पण किती आणि कसल्या वस्तू द्यायच्या हे जर प्रोग्राम चालू असतानाच ठरणार असेल, तर त्या स्टॅकवर आणि रजिस्टरांत मांडायच्या कशा? सी भाषेत हे लिहिताच येत नाही, कारण सीचा कंपायलर करार आधी मागतो. प्रत्येक प्रोसेसरसाठी असेम्ब्लीत हाताने लिहिणे, एवढाच मार्ग होता. सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांसाठी जियानी मारियानी यांनी असे एक साधन केले होते. त्यापासून प्रेरणा घेऊन सिग्नस सोल्यूशन्स कंपनीतल्या अँथनी ग्रीन यांनी १९९६ मध्ये ‘लिबएफएफआय’ लिहिली. कराराचे वर्णन तिला प्रोग्राम चालू असताना द्यायचे. ती त्या प्रोसेसरच्या रीतीप्रमाणे प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवते, उडी मारते आणि उत्तर घेऊन परत येते. पुढे असंख्य लोकांनी आपापल्या प्रोसेसरसाठी तिच्यात भर घातली. हे काम वापरणाऱ्याला कधी दिसत नाही, आणि म्हणून त्याचे श्रेय फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याच सुमारास लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत डेव्हिड बीझली उलट टोकाने निघाले होते. अणूंच्या हालचालींचे गणित करणारा सीमधला प्रचंड प्रोग्राम त्यांना स्क्रिप्टिंग भाषेतून चालवायचा होता. त्यांनी १९९५ च्या उन्हाळ्यात ‘स्विग’ लिहायला घेतले. हे साधन सीच्या घोषणा स्वतः वाचते आणि दोन्ही भाषांना जोडणारा सी मजकूर तयार करते. करार पुन्हा माणसाने हाताने लिहू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण त्यासाठी सीचा कंपायलर जवळ लागतो, आणि विंडोजवर बसलेल्या सामान्य पायथनवाल्याकडे तो क्वचित असे.

त्या माणसाला थॉमस हेलर यांच्या ‘सीटाइप्स’ने दार उघडून दिले. १९ सप्टेंबर २००६ रोजी पायथन २.५ आली तेव्हा सीटाइप्स भाषेसोबतच मिळू लागली. कंपायलर नको, वेगळे काही बसवायला नको. लायब्ररीचे नाव घ्यायचे, टिंब द्यायचे, फंक्शनचे नाव लिहायचे आणि कंसात वस्तू द्यायच्या. पोटात काम लिबएफएफआय करते. युनिकोड अक्षरे डब्ल्यू फंक्शनला दिली की ती तशीच जातात. व्हिज्युअल बेसिकमध्ये आडवाटेने न्यावा लागलेला ‘नमस्कार’ इथे सरळ एका ओळीत पडद्यावर येतो. त्याच आवृत्तीत आलेल्या यूयूआयडी या मॉड्यूलने ऑपरेटिंग सिस्टिमकडून ओळखक्रमांक मिळवण्यासाठी सीटाइप्सचाच वापर केला.

किंमत तीच राहिली. पायथनमध्ये चूक झाली तर चूक सांगणारा निरोप येतो, भाषा स्वतः मरत नाही, अशी तिच्या वापरकर्त्याची खात्री असते. सीटाइप्सच्या एका चुकीच्या ओळीने अख्खा इंटरप्रिटर बंद पडू शकतो. हेलर यांनी विंडोजवर जमेल तेवढी राखण केली. ३२ बिटांच्या विंडोजवर सीटाइप्स कॉलनंतर स्टॅकची उंची पाहून ‘चार बाइट कमी पडले’ असे नेमके सांगत असे. व्हिज्युअल बेसिकच्या ४९ क्रमांकाच्या चुकीचाच हा वारसा. मग ६४ बिटांचे प्रोसेसर आले. पहिल्या काही वस्तू रजिस्टरांतून जाऊ लागल्या, विंडोजवर चार आणि लिनक्सवर सहा, आणि आवरण्याची जबाबदारी कॉल करणाऱ्याकडे गेली. पंगतीची रीत बदलली आणि तिच्याबरोबर तपासता येणारे ते एकमेव कलमही गेले.

६४ बिटांनी आणखी एक खोल खड्डा खणला. उत्तराचा प्रकार सांगितला नाही तर सीटाइप्स ते ३२ बिटांचा पूर्णांक समजते. फंक्शनने ६४ बिटांचा पत्ता परत दिला असेल तर त्याचा वरचा अर्धा भाग वाटेत गळतो. पत्ता लहान असला तर अर्ध्यावरही काम भागते, मोठा असला तर प्रोग्राम मरतो. लेखकाच्या संगणकावर महिनोन्‌महिने चाललेली ओळ दुसऱ्याच्या संगणकावर पहिल्या मिनिटाला पडावी, याचे हे नेहमीचे कारण.

म्हणून करार पुन्हा मूळ रूपात वाचण्याकडे लोक वळले. माइक पॉल यांनी २०११ मध्ये लुआ भाषेच्या लुआजिटमध्ये अशी सोय केली की सीची घोषणा जशीच्या तशी चिकटवायची आणि भाषेनेच ती समजून घ्यायची. पुढच्या वर्षी अर्मिन रिगो आणि मात्सेय फियाल्कोव्स्की यांनी तीच कल्पना पायथनसाठी ‘सीएफएफआय’मध्ये आणली. नोव्हेंबर २०१९ मध्ये पीएचपी ७.४ नेही हीच पद्धत घेतली. कंपायलरने टाकून दिलेले कागद परत आणून भाषेच्या हाती द्यायचे, हा या प्रवासातला सर्वांत शहाणपणाचा टप्पा आहे असे मला वाटते. तरीही चिकटवलेली घोषणा या संगणकावरच्या याच लायब्ररीची आहे ना, हे कोणी तपासत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने आपल्या प्रोसेसरचे मॅक आणले. त्यांच्यावर प्रिंटएफसारख्या, वस्तूंची संख्या ठरलेली नसलेल्या फंक्शनांना त्या अनिश्चित वस्तू रजिस्टरांऐवजी स्टॅकवर द्याव्या लागतात. इंटेलच्या मॅकवर वर्षानुवर्षे निमूट चाललेल्या सीटाइप्सच्या ओळी तिथे भलतेच आकडे छापू लागल्या. कराराचे ते कलम कोणी लिहिले नव्हते, कारण तोवर त्यावाचून अडत नव्हते.

आणि डिक्लेअर? ती अजून जिवंत आहे, एक्सेलच्या मॅक्रोंमध्ये. ऑफिस २०१० पासून ६४ बिटांचे ऑफिस मिळू लागले आणि ऑफिस २०१९ पासून सांगितल्याशिवाय तेच बसते. जुनी फाइल त्यात उघडली की डिक्लेअरच्या ओळी लाल होतात आणि हा कोड ६४ बिटांसाठी सुधारा असा निरोप येतो. सोपा इलाज सगळ्यांना ठाऊक आहे: ओळीत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घाला, निरोप जातो. पण तो शब्द स्वतः काहीच दुरुस्त करत नाही. ‘ही ओळ मी तपासली आहे’ एवढी लेखकाची ग्वाही तो नोंदवतो, आणि एक्सेल तिच्यावर विश्वास ठेवते.

तुमच्या कचेरीत, पतसंस्थेत, कारखान्यात अशी एखादी फाइल असेल तर ती लाल ओळ घाईने गप्प करू नका. फंक्शनची मूळ सी घोषणा समोर घ्या आणि एकेक वस्तू पाहा. पत्ता किंवा खिडकीचा क्रमांक असेल तिथे ‘लाँगपीटीआर’ हा प्रकार लिहा. नुसती संख्या असेल तिथे लाँग तसेच ठेवा, कारण सगळीकडे एकच शब्द बदलला तर रचनांच्या आतली मापे बिघडतात. अक्षरे घेणारे फंक्शन असेल तर डब्ल्यू भावंड निवडा आणि त्याला पत्ता द्या, म्हणजे मराठी नावे शाबूत राहतील. मगच पीटीआरसेफ लिहा.